पावसाळी एक दिवस, उल्लापूल ते डरनेस

सकाळी साडेसहा

उठल्यावर पहिलं काम खिडक्या पुसायचं. चहासुद्धा त्यानंतर. मोटारहोममध्ये तीन माणसं रात्रभर झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ थंड काचेवर बसते, पहाटे तिचे ओघळ होतात आणि ओघळ गादीच्या कडेखाली शिरतात. दोन दिवस दुर्लक्ष केलं तर गादीखालची फळी कुबट वास मारायला लागते. समोरची मोठी काच सगळ्यात वाईट. रबरी पट्टीने पाणी खाली ओढायचं, फडक्याने टिपायचं, फडकं सिंकमध्ये पिळायचं. एका रात्रीत पेलाभर पाणी सहज निघतं.

मग चहा. गॅस पेटवायच्या आधी छपराची झडप दोन बोटं उघडायची, पाऊस असला तरी. स्वयंपाकाचा गॅस जळतो तेव्हा त्यातून पाणी तयार होतं: एक किलो प्रोपेन जळला की जवळजवळ 1.6 लिटर. शाळेत हे समीकरण पाठ केलं होतं. इथे ते खिडकीवर दिसतं. झडप बंद ठेवून चहा केला तर आत्ताच पुसलेली काच पाच मिनिटांत पुन्हा धुरकट होते.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं उल्लापूल. ऑगस्ट 2020. घरी गौरी-गणपतीचे दिवस आहेत. मार्चमध्ये करोनामुळे भारताने आंतरराष्ट्रीय विमानं बंद केली तेव्हाच यंदा कोकणात राजापूरला घरी जाणं होणार नाही हे कळलं होतं. जुलैमध्ये इथले निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले. स्कॉटलंडने 3 जुलैला पाच मैलांच्या आतच राहण्याची मर्यादा उठवली आणि ज्या मुक्कामात शौचालय, स्वयंपाक, न्हाणी सगळं स्वतःचं आहे तो मोकळा केला. सामायिक न्हाणीघरांची कॅम्पसाइट 15 जुलैपासून. तोवर मुलगी चार महिने घराच्या चार भिंतींत होती. आमच्या जुन्या गाडीत एक संडास, एक मोरी, दोन शेगड्या आणि एक फ्रिज आहे. कुणाच्या दाराच्या कडीला हात न लावता आपण राहू शकतो, एवढ्या भरवशावर निघालो.

साडेसात

माझ्या मते मोटारहोमच्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे संडासाची टाकी रिकामी करणं, आणि लोक त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोलतात.

संडासाखाली अठरा-वीस लिटरची टाकी असते, तिला सगळे कॅसेट म्हणतात. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, ते उघडून कॅसेट ओढून काढायची. तिला चाकं आणि दांडा आहे, पण ओल्या गवतावर चाकं फिरत नाहीत, उचलूनच न्यावी लागते. रिकामी करायची जागा कुंपणाच्या कोपऱ्यात: सिमेंटचा खोल हौद, वर एक नळ, भिंतीवर पाटी. पाटीवर नवा कागद डकवलेला आहे, एका वेळी एकच माणूस. म्हणून पावसात दोन-दोन मीटरवर रेनकोट घातलेल्या माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात आपापली कॅसेट. कुणी ओशाळत नाही.

माझा नंबर येतो. मास्क, हातमोजे. नळावर आणि हौदाच्या कडेवर जंतुनाशक फवारायचं आणि मिनिटभर थांबायचं. विष्ठेतही करोना विषाणूचे अंश सापडतात हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं आहे, त्यामुळे या जागेची भीती सगळ्यांच्या मनात आहे. कॅसेटची नळी वळवायची, हवेचं बटण दाबून धरायचं म्हणजे पाणी उसळत नाही, आणि शांतपणे ओतायचं. दोनदा विसळायचं. मग पुन्हा नळ, कड, बटण, दांडा असं सगळं फवारायचं. मागचा माणूस बघत असतो. त्याने बघावं असंच मला वाटतं. त्याला तेवढाच धीर येतो.

आत घालायचं रसायन आम्ही फॉर्माल्डिहाइड नसलेलं घेतो. हायलंड्स या डोंगराळ भागातल्या अनेक जागी सांडपाणी गटारात जात नाही, सेप्टिक टँकमध्ये जातं, आणि फॉर्माल्डिहाइड तिथले काम करणारे जिवाणूच मारतं.

पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा, दुसऱ्या टोकाला. तिथे हातमोजे बदलून जायचं. आमची नळी आमचीच, तिचं टोक जमिनीला लागू द्यायचं नाही. शंभर लिटरची टाकी आज पूर्ण भरतो, कारण आजच्या मुक्कामाला, डरनेसच्या जागेवर, नळाशी किती गर्दी असेल सांगता येत नाही. एरवी अर्धीच. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि गाडीला सगळं धरून साडेतीन टनांची मर्यादा आहे. भांडी-आंघोळीचं पाणी वेगळ्या टाकीत साठतं, ते सांडपाण्याच्या जाळीवर गाडी आणून सोडायचं.

आभाळातून पाणी कोसळतंय आणि आम्ही आत लिटर मोजतोय. कोकणात वाढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. आमच्याकडे विहीर तुडुंब भरलेली असतानाही पिण्याचं पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवतात.

साडेनऊ

निघायचं, पण गाडी गवतावर आहे आणि रात्रभरात गवताखालची माती लोण्यासारखी झाली आहे. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते आणि सामानाचं बरंचसं वजन मागे आहे, त्यामुळे ओल्या गवतावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला वेळ लागत नाही. एकदा फिरली की खड्डा, आणि खड्डा झाला की ट्रॅक्टर.

नवरा चाकं सरळ करतो. पुढच्या दोन्ही चाकांसमोर जाड रबरी जाळ्या अंथरतो, टोकं टायरखाली दाबून. दुसरा गिअर, जेमतेम थोडी रेस, क्लच सावकाश. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त मिळतो आणि नेमक्या त्याच जोराने चाक सुटतं.

शेजारच्या गाडीतले यॉर्कशरचे आजोबा छत्री घेऊन बाहेर आले. मागच्या वर्षी अशा वेळी चार माणसं न बोलावता यायची आणि मागून खांदा लावायची. आता आजोबा तीन गाड्यांच्या अंतरावर उभे राहतात आणि छत्रीने दिशा दाखवतात: थोडं डावीकडे, थांबा, आता या. गाडी जाळीवरून उतरते, हलकी घसरते आणि खडीवर येते. आजोबा छत्री वर करतात, आम्ही हात करतो. त्यांचं नाव विचारायचं राहूनच जातं. या उन्हाळ्यात बऱ्याच माणसांशी एवढ्या अंतरावरूनच ओळख झाली.

चिखलाच्या जाळ्या पिशवीत, पिशवी मोरीत.

साडेदहा

उल्लापूलच्या उत्तरेला तेराएक मैलांवर नॉकन क्रॅग नावाचा कडा. पावसात फार वेळ थांबवत नाही, पण मुलीला दाखवायचं ठरवलं होतं. कड्यात एका ठिकाणी दोन खडक एकमेकांना टेकलेले दिसतात: खाली सुमारे 50 कोटी वर्षांचा चुनखडक आणि त्याच्यावर सुमारे 100 कोटी वर्षांचा शिस्ट. जुना वर, नवा खाली. या उलट्या क्रमावर एकोणिसाव्या शतकात भूशास्त्रज्ञांचं मोठं भांडण झालं. बेन पीच आणि जॉन हॉर्न यांनी इथे वर्षानुवर्षं पायी फिरून सिद्ध केलं की वरचा खडक पूर्वेकडून ढकलला जाऊन चढला आहे. त्यांचा ग्रंथ 1907 मध्ये आला. मुलीने ओल्या बोटाने सांधा चाचपून पाहिला, "आई, खरंच लागतो गं हाताला!" म्हणाली, आणि धावत गाडीत गेली.

तीन भिजलेले कोट. तेही मोरीत.

दुपारी बारा

असिंट सरोवराच्या काठाने आर्डव्रेक किल्ल्याचे अवशेष मागे टाकून उत्तरेकडे. प्रत्येक डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरतायत. पश्चिम हायलंड्सच्या सगळ्यात ओल्या भागांत वर्षाला 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेवढा रत्नागिरीला चार महिन्यांत पडतो, त्यामुळे पावसाचं प्रमाण बघून आम्ही घाबरत नाही. इथला पाऊस वेगळा आहे तो वाऱ्यामुळे आणि थंडीमुळे. तो आडवा येतो, खिडकीच्या रबरातून आत शिरायला बघतो, आणि भिजलेलं काही आपलं आपण वाळत नाही.

डोंगराच्या बाजूला मात्र नजर ठेवावी लागते. 4 ऑगस्टला अर्गाइलमध्ये ए-83 रस्त्यावर दरड येऊन तो बंद झाला. 12 ऑगस्टला पूर्व किनाऱ्यावर स्टोनहेवनजवळ मुसळधार पावसाने रुळांवर खडी वाहून आली, रेल्वेगाडी घसरली आणि तिघांचा जीव गेला. घाटात वाढलेल्यांना काय बघायचं ते ठाऊक असतं: रस्त्यावर अचानक आलेलं गढूळ पाणी, सुटे लहान दगड, वाकलेलं कुंपण. यातलं एक जरी दिसलं तरी त्या कड्याखाली थांबायचं नाही.

काइलेस्कूचा वळणदार पूल 1984 साली झाला, तोवर इथे फेरीबोट होती. पुलानंतर स्कावरी, मग लॅक्सफर्ड ब्रिज. तिथून डरनेसपर्यंतचे वीसेक मैल बहुतांशी एकपदरी. दर थोड्या अंतरावर रस्त्याला फुगवटा आणि पांढरी पाटी, पासिंग प्लेस. फुगवटा आपल्या डाव्या हाताला असेल तर आत जायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर थांबायचं आणि येणाऱ्याला त्यात जाऊ द्यायचं. हे बहुतेकांना जमतं. बरेच जण विसरतात तो दुसरा नियम: मागे गाडी आली की तिलाही पुढे जाऊ द्यायचं.

मला त्याबद्दल कळकळीने सांगावंसं वाटतं. मागची गाडी बहुधा पर्यटकाची नसते. टपालाची व्हॅन असते, एकट्या म्हाताऱ्या माणसाकडे जाणारी काळजीवाहक बाई असते, मासळीचा ट्रक असतो. इथलं मोठं हॉस्पिटल म्हणजे इनव्हरनेसचं रेगमोर, डरनेसपासून शंभर मैलांच्या वर. त्या शंभर मैलांतला बराच रस्ता असाच एकपदरी. मार्चमध्ये इंग्लंडातून आणि मोठ्या शहरांतून कॅम्परव्हॅन घेऊन लोक इकडे पळून आले तेव्हा गावं हादरली होती. स्कॉटलंडचे तेव्हाचे पर्यटनमंत्री फर्गस ईविंग यांना उघडपणे सांगावं लागलं की येऊ नका, आलात ते परत जा.

हे मी वाचलं तेव्हा मला परकं वाटलं नाही. आमच्या गावातही तेच चाललं होतं. मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी सरकारने दहा दिवसांचं विलगीकरण ठरवलं. गावच्या ग्रामकृती दलाने शाळेच्या खोल्या झाडून ठेवल्या. माझा भाऊ डोंबिवलीहून आला आणि दहा दिवस पडवीत राहिला. वहिनी ताट ओट्यावर ठेवून आत जायची. त्याला राग आला नाही. गावात म्हातारी माणसं किती आणि तालुक्याच्या दवाखान्यात खाटा किती, हे त्याला माहीत होतं.

म्हणून मी या रस्त्यावर चाकरमानी आहे असं समजून वागते. पासिंग प्लेसमध्ये फोटोसाठी थांबत नाही, आरशात दिवे दिसले की बाजूला होते.

दीड

वाटेतल्या गावात एकच दुकान. दारावर कागद: एका वेळी दोनच गिऱ्हाइकं. 10 जुलैपासून स्कॉटलंडमध्ये दुकानात मास्क सक्तीचा. मी बाहेर पागोळीखाली उभी राहते. आत एक आजोबा सावकाश, एकेक नाणं मोजून पैसे देतायत, त्यांना घाई होऊ नये म्हणून मी दाराकडे पाठ करते.

आम्ही निघताना फक्त डाळ, तांदूळ, पीठ, मसाले आणि चहापत्ती भरून घेतो. दूध, बटाटे, अंडी, पाव इथूनच. गावाला आपल्या येण्याचा धोका पत्करायला लावायचा आणि पैसे मात्र शहरातल्या मोठ्या दुकानात खर्च करून यायचं, हे पटत नाही. दुसरीकडे, चार जणांच्या गावाला पुरणारं दूध एकट्यानेच उचलणंही बरं नाही. दोन लिटरच्या जागी एक घेते.

जेवण गाडीतच, मुगाची खिचडी. पावसात कुकर लावत नाही, कारण तीन शिट्ट्यांची वाफ संध्याकाळपर्यंत आत फिरते. त्याऐवजी खिचडी दहा मिनिटं उकळून पातेलं झाकण लावून जाड डब्यात ठेवायचं, वर जुनी शाल. सकाळी नऊला ठेवलेली खिचडी दीडला मऊ आणि गरम. सोबत पापड नाही, तळण या दिवसांत बंद. आईने 2019 मध्ये दिलेलं लिंबाचं लोणचं अजून पुरतंय.

साडेतीन

फोनला सिग्नलच्या दोन काड्या आल्या की गाडी वाहनतळावर घेतो. भारतात रात्रीचे आठ. आरतीची वेळ.

पडद्यावर आमचं माजघर, मखर, समई. चित्र अडकतं, आवाज पुढे जातो. आई फोन अगदी तोंडाशी धरून विचारते, "काय गो, पाऊस काय म्हणतोय तुमच्याकडे?"

"लागलाय सकाळपासून, आई. तुमच्याकडे?"

"आमच्याकडे झडच आहे. ओलं सांभाळ हो. आणि पोरीचं डोकं पूस नीट."

यंदा आरतीला वाडीतले लोक नाहीत, घरचेच पाच. लालबागच्या राजाच्या मंडळानेही मूर्ती बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्मादान ठेवलं आहे. नवरा स्टिअरिंगवर ताल धरतो, मुलगी शब्द चुकत-चुकत म्हणते. दुसऱ्या कडव्याला सिग्नल जातो. उरलेली आरती आम्ही तिघांनी पूर्ण म्हटली.

पाच, डरनेस

फाटकाशी फोन करायचा, मग आतून बाई येऊन लांबूनच जागेचा आकडा सांगतात. नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर आपल्याच पेनने लिहायचा, उद्या इथे कुणी आजारी निघालं तर सगळ्यांना कळवता यावं म्हणून. पैसे आधीच भरलेले. आरक्षणाशिवाय यायचं नाही हेही या वर्षी शिकवायला लागतं. जागा नाही म्हणून लोक रस्त्याकडेला, समुद्रावर मुक्काम टाकतात, आणि सकाळी तिथे काय राहतं ते गावाला उचलावं लागतं. या उन्हाळ्यात इथल्या लोकांची सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे, आणि ती रास्त आहे.

आज खडीची जागा मिळाली. गाडीचं तोंड वाऱ्याकडे करायचं म्हणजे रात्री ती कमी डुलते. बाजूची कनात बाहेर काढायचीच नाही. वाऱ्याचा एक झोत आला की तिचा हात मोडतो. वीज जोडल्यावर हीटर लागतो. छपरावरचं सौर पॅनेल अशा दिवशी जेमतेम दिव्यांपुरतं देतं.

आता मोरीचं काम. तिथे आडवी दांडी लावली आहे. तीन कोट, दोन पँट, टोप्या, सगळं त्यावर. बूट खालच्या तसराळ्यात, आत कागदाचे बोळे. हीटरची एक नळी मोरीत वळवायची, छपराची झडप उघडी, दार घट्ट बंद. ओलसर हवा वरून बाहेर जाते, खोलीत येत नाही. चार तासांत कोट घालण्याजोगे होतात. ही एक युक्ती जमली नाही तर तिसऱ्या दिवशी पावसातली सहल संपते, आणि ती थंडीने संपत नाही, ओल्या कपड्यांनी संपते.

साडेसहा

स्मू गुहेपर्यंत चालत. समुद्राने कोरलेलं तोंड, पंधराएक मीटर उंच, आणि आतल्या दालनात छपराच्या भोकातून ओढा कोसळतो. एरवी तिथे होडी नेतात. आज ओढ्याला पूर आहे, धबधब्याचा आवाज एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. लाकडी पुलावर तुषारांनी आम्ही पावसाहून जास्त भिजलो. मुलगी हात पसरून उभी राहिली आणि हलेचना. चार महिने घरात कोंडलेलं पोर, तिला तिथून ओढून आणावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. कोट पुन्हा दांडीवर टाकावे लागतील, टाकू.

आठ

न्हाणीघर उघडं आहे, पण अर्ध्या न्हाण्या फिती लावून बंद, आणि बाहेर रांग. आम्ही आंघोळ गाडीतच करतो. कोट थोडा वेळ सीटवर. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, नळ चालू. माणशी सहा-सात लिटर. गावी तांब्या-बादलीने आंघोळ केलेल्याला हे पाणी भरपूर आहे.

भात, अंड्याची आमटी. झडप उघडी.

पाऊस थोडा वेळ थांबला आणि वाराही पडला. अशा वेळी बाहेर जायचं नाही. मिज नावाची चिलटं अशाच दमट, बिनवाऱ्याच्या क्षणाची वाट बघत असतात, दाराची जाळी बोटभर उघडी राहिली तरी शेकड्यांनी आत.

साडेनऊ

झोपायच्या आधी नवरा गॅस बघतो, कार्बन मोनॉक्साइडच्या गजराचं बटण दाबून तो वाजतो का ते पाहतो. अशा रात्री लोक वारा येतो म्हणून झडपा चिंध्यांनी बुजवतात आणि आत गॅसचा हीटर लावतात. ते कधीही करू नये. खालच्या झडपा हवेसाठी आणि गळलेला गॅस बाहेर पडण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या असतात.

मी वही घेते. पिण्याचं पाणी साठ लिटर. सांडपाण्याची टाकी निम्मी. कॅसेट सकाळी इथेच रिकामी करायची, भरलेली घेऊन निघायचं नाही, कारण उद्याचा रस्ता एरिबॉल खाडीला लांब वळसा घालून टंगला जातो आणि थर्सोपर्यंत वाटेतल्या कुठल्या जागा उघड्या असतील याची खात्री नाही. दुसरा सिलिंडर भरलेला आहे. दूध सकाळपुरतं. टंगच्या दुकानाची वेळ फाटकावरच्या बाईंना विचारून ठेवली आहे, त्या म्हणाल्या दहाच्या आत जाऊ नका, आधीचा तास म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवतात. निघायची वेळ आठऐवजी साडेनऊ लिहिली.